डाग आणि पिशवी



घरात सहसा न निघणारा विषय आज आम्ही या व्यासपीठावर मांडीत आहोत. पुरुष श्रोत्यांनीही तो ऐकावा. कारण तपासणीत काही निघाले की 'पिशवी काढायची का?' याचा निर्णय पुष्कळदा तेच घेतात.

असा कागद हाती घेऊन आलेली बाई आम्हाला प्रथम विचारते, "डॉक्टर, किती दिवस राहिले?" आम्ही सांगतो, "बाई, हा कर्करोग नव्हे; तुम्ही वेळेवर आलात."

गर्भाशयाच्या मुखावरील पेशींत एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे बदल होतात. ही कर्करोगाची पूर्वावस्था. तेथून कर्करोगापर्यंत जाण्यास बहुधा १० ते २० वर्षे लागतात. सौम्य बदल पुष्कळदा आपोआप मावळतात. तेथे पुन्हा तपासणी पुरते. बदल तीव्र असेल तर मात्र उपचार हवा.

डाग लहान आणि पूर्णपणे दिसणारा असेल, तर तो गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करतात. काम काही मिनिटांचे. बाई त्याच दिवशी घरी जाते. डाग मोठा किंवा मुखाच्या आत शिरलेला असेल, तर जागा बधिर करून विजेच्या तारेच्या फासाने तेवढाच भाग काढतात. काढलेला तुकडा तपासता येतो, हा त्याचा विशेष लाभ. कर्करोगाचा संशय असल्यास शंकूच्या आकाराचा तुकडा शस्त्राने काढतात. यानंतरही मूल होऊ शकते. मात्र खोल छेद घेतला असल्यास दिवस भरण्याआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढतो, म्हणून गरोदरपणी डॉक्टरांना ते सांगावे.

यात पिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचे उघड झाले. त्यांतील अनेकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती. भीतीने घेतलेला निर्णय शरीराला जन्मभर भोगावा लागतो.

त्याच मराठवाड्यातले दुसरे उदाहरण पाहा. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एचपीव्हीची एकच तपासणी आणि पुढचे उपचार देऊ केले, तेथे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

तेव्हा दोनच गोष्टी सांगतो. तिशीनंतर, त्रास नसला तरी तपासून घ्या; आणि उपचारानंतर वर्षाने पुन्हा तपासणीस या. डाग गेला म्हणून तारीख विसरू नका.