न बोलणाऱ्यांची परीक्षा

(पालम, जि. परभणी येथे वक्तृत्ववर्गातील विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वक्तृत्वाच्या वर्गात गटशः सादरीकरणे झाली की सर्वांचे लक्ष साहजिकच बोलणाऱ्याकडे असते. आवाज कसा लागला, हातवारे अति झाले का, वेळ पाळली का, याचीच चर्चा होते. गुणपत्रिकेतील रकानेही तेवढेच विचारतात. परंतु गटाचे भाषण चालू असताना एक बोलत असतो आणि चौघे उभे असतात. ते चौघे त्या वेळी काय करतात? एक जण स्वतःची चिठ्ठी पुटपुटत असतो, दुसरा खिडकीबाहेर पाहतो, तिसरा आपली पाळी उरकल्याच्या समाधानात असतो. समोरच्या श्रोत्याला हे स्वच्छ दिसते. एकापाठोपाठ झालेल्या पाच भाषणांना गटाचे भाषण म्हणता येत नाही. गट एकत्र आला की नाही, हे न बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून आधी कळते.

पालमच्या परिसराला ही गोष्ट परकी नसावी. जनाबाईंचे गंगाखेड येथून जवळच आहे आणि कीर्तन कशाशी खातात हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. वारकरी कीर्तनात बोलणारा एक. पण त्याच्या मागे टाळकऱ्यांची ओळ आणि मृदंगी उभा असतो. निरूपणाच्या ओघात कीर्तनकार एखाद्या प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारतो आणि मागची ओळ तो चरण उचलून धरते. प्रत्येक प्रमाण आधी कागदावर ठरवून घेतलेले नसते. अभंग टाळकऱ्यांनाही मुखोद्गत असतात, आणि मुख्य म्हणजे बुवा काय बोलत आहेत याकडे त्यांचे पूर्ण लक्ष असते, म्हणूनच हे साधते. टाळकऱ्याचे लक्ष उडाले तर कितीही विद्वान कीर्तनकार एकाकी पडतो. गटसादरीकरण हे नाव नवे असले, तरी त्याची रीत गावच्या देवळात शेकडो वर्षे चालत आलेली आहे.

शिकणाऱ्या तरुणांनी एकमेकांसमोर अभ्यासलेला विषय मांडायचा, हा प्रघात मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी घातला. १८४८ साली तेथे ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. दादाभाई नौरोजी तिच्या आरंभीच्या धुरीणांपैकी. देशी भाषांत निबंध वाचले जावेत म्हणून तिच्या शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभा ही त्यांतलीच, आणि दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. बेहरामजी गांधी नावाच्या विद्यार्थ्याने या मंडळींपुढे स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. तो कोणत्या आवाजात वाचला, मान वर करून वाचला की खाली घालून, हे आज कोणी विचारीत नाही. ऐकणाऱ्या सवंगड्यांनी पुढे काय केले, ते मात्र इतिहासात नोंदले गेले. १८४९ साली या विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि आपल्या अभ्यासातून वेळ काढून, विनावेतन, तेथे स्वतः शिकवू लागले. जगन्नाथ शंकरशेठ यांच्यासारख्यांनी जागेचे साहाय्य केले. वर्गमित्राच्या भाषणाला असा अभिप्राय क्वचितच मिळाला असेल! आजच्या वर्गात ‘छान झाले’ या दोन शब्दांवर काम भागते. टाळी आणि मौन यांपेक्षाही हे दोन शब्द अधिक निरुपयोगी आहेत, कारण त्यांतून ऐकल्याचा कोणताही पुरावा मिळत नाही.

अर्धशतकानंतरचे उदाहरण नाशिकचे. १९०० च्या आरंभी तेथे मित्रमेळा स्थापन झाला तेव्हा विनायक सावरकर सोळा वर्षांचे शाळकरी होते. मेळ्याच्या साप्ताहिक बैठकांत सभासदांनी वाचावे, बोलावे आणि बोललेल्यावर चर्चा करावी, असा क्रम असे. सावरकरांसारखा वक्ता गटात असताना बाकीच्यांनी नुसते श्रोते होऊन बसणे अगदी सोपे होते. पण त्या खोलीत गोविंद त्र्यंबक दरेकर हेही येत. पायांनी पंगू, शालेय शिक्षण बेताचे, आणि तोवर लावण्या रचणारे. मेळ्याच्या सहवासात त्यांची लेखणी देशाकडे वळली आणि महाराष्ट्राने त्यांना पुढे ‘स्वातंत्र्यकवी गोविंद’ म्हणून ओळखले. गटातल्या सर्वांत प्रभावी वक्त्याच्या शेजारी बसून माणूस झाकोळून जातो की फुलतो, यावर गटाची पारख करावी. १९०४ साली याच मेळ्यातून अभिनव भारत उभी राहिली. तिचा मोठेपणा सर्वज्ञात आहे, पण तिच्यामागे ही आठवड्याची बैठक होती, हे बहुधा विसरले जाते.

मराठवाड्यात मात्र बोलण्याची अशी मोकळीक सहजी मिळालेली नाही. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. घरात आणि शेतात मराठी, शिक्षणात व दरबारात दुसरी भाषा, अशी येथील मुलांची अवस्था होती. त्यातच १९२९ मध्ये ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान निघाले आणि सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी, असा नियम झाला. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नावर, चार लोकांत उभे राहून बोलणे हे या जिल्ह्यातील पणजोबांच्या पिढीने झगडून मिळवलेले आहे.

आता परवानगी कोणाची लागत नाही. तरीही वर्गावर्गांत एक नवी गश्ती निघते, आणि तिच्यावर शिक्का वर्गमित्रांचाच असतो. जो ‘करायलेत’, ‘बोलायलेत’ म्हणतो त्याला गटाने माहिती गोळा करायला लावायची, तक्ता रंगवायला सांगायचे आणि ‘करत आहेत’ म्हणणाऱ्याच्या हाती ध्वनिक्षेपक द्यायचा. कोणी दुष्टाव्याने हे करत नाही. गुण मिळावेत एवढाच हेतू असतो. प्रमाण मराठी शिकू नये असे नाही, ती शिकलीच पाहिजे. पण ती येईपर्यंत तोंड बंद ठेवावे, हा नियम कोणी केला?

समजा, एखाद्या गटाला दिग्रसच्या बंधाऱ्याचा विषय मिळाला. बंधारा याच तालुक्यातला, गोदावरीवरचा. त्यात अडवलेले पाणी खाली विष्णुपुरीकडे, नांदेडच्या तहानेसाठी सोडावे की येथील शेतकऱ्यांसाठी राखावे, हा जुना वाद. गटातील चतुर वक्ता दोन्ही बाजू आकर्षक शब्दांत मांडील, टाळ्याही घेईल. मग श्रोत्यांतून प्रश्न येतो : पाणी सोडल्यावर काठावरच्या विहिरींचे काय होते? वक्ता चिठ्ठीकडे पाहतो. ज्याचे शेत त्याच काठावर आहे, ज्याने सोडलेल्या पाण्यानंतर उघडी पडलेली मोटार पाहिली आहे, तो मात्र तक्ता धरून मागे उभा असतो.

यावर उपाय अवघड नाही. बोलण्याचा क्रम आधी न ठरवता ऐनवेळी चिठ्ठ्या टाकून काढावा. म्हणजे प्रत्येकाला सगळा विषय यावाच लागेल. ज्याने जो भाग मांडला, त्यावरचा प्रश्न त्याला न विचारता शेजारच्याला विचारावा. अभिप्राय देणाऱ्याने प्रथम आपण काय ऐकले ते तीन वाक्यांत सांगावे आणि मगच गुणदोषांकडे वळावे. आणि दिग्रसचा प्रश्न निघाला की तक्ता भिंतीला टेकवून त्या मुलाला पुढे बोलवावे. तो ‘पाणी सोडायलेत’ म्हणाला तर म्हणू द्यावे, आणि उरलेल्या चौघांनी त्या वेळी खिडकीबाहेर पाहू नये.