न खेळलेल्या खेळाचा नाद
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपल्या एका छंदाविषयी थोडक्यात बोलावं, असा संयोजकांचा निरोप आला. मी माझा छंद कळवला, तर त्यांचा लगेच फोन. "गोल्फ? सोलापुरात?"

हो, गोल्फ. तोही खेळायचा नाही, टीव्हीवर बघायचा. गोल्फची काठी मी आजवर हातात धरलेली नाही. आपण सगळे पार्क मैदानावर क्रिकेट बघून वाढलो. तरीसुद्धा गेली कित्येक वर्षं एप्रिल ते जुलै या काळातले माझे शनिवार-रविवार या खेळात जातात. रात्री बैठकीच्या खोलीत दिवा बंद, टीव्हीचा आवाज बारीक आणि मी कूलरसमोर.

पहिलं कारण सांगतो, हसू नका. हिरवळ! एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर आणि नळाला पाणी काही दिवसांआड. नेमकी तेव्हाच अमेरिकेतल्या ऑगस्टा इथे मास्टर्स स्पर्धा भरते. झाडी, तळी, फुललेली झुडपं आणि नजर पोहोचेल तिथवर गवत. डोळ्यांना गारवा मिळतो. सौ. विचारते, "एवढ्या गवताला पाणी किती लागत असेल हो?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी तेवढ्यापुरता बहिरा होतो.

आता खेळ. अठरा होल, म्हणजे जमिनीतली अठरा भोकं. प्रत्येक भोक सव्वाचार इंचांचं. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्यात घालायचा. मोठ्या स्पर्धेत हे सलग चार दिवस चालतं. प्रत्येक होलला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. एवढं कळलं की घरबसल्या बघायला पुरे. समोर गोलंदाज नाही, अंगावर येणारा प्रतिस्पर्धी नाही. चेंडू जागेवर पडलेला आणि खेळाडू त्याच्याशी एकटा. वाऱ्याचा अंदाज घेतो, खाली बसून जमिनीचा उतार बघतो. समालोचक कुजबुजत बोलतो. भोकाकडे अलगद ढकललेला चेंडू काठावर येऊन रेंगाळतो, तेव्हा इथे सोलापुरात माझाही श्वास अडकतो.

पण मी या खेळात खरा अडकलो तो त्याच्या हिशेबामुळे. मोठ्या स्पर्धांत पंच असतात, पण ते पावलोपावली मागे फिरत नाहीत. आपली चूक खेळाडूने आपणच सांगायची. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स चेंडू मारायला उभा असताना चेंडू किंचित हलला. इतर कुणाला दिसलं नव्हतं. त्याने स्वतः सांगून एक फटका दंड लावून घेतला. पुढे बरोबरी झाली, निर्णायक लढतीत तो हरला आणि विजेतेपद गेलं.

दुसरी गोष्ट 1968 च्या मास्टर्सची. अर्जेंटिनाचा रॉबर्टो डी विसेन्झो शेवटच्या दिवशी अप्रतिम खेळला. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. गोल्फमध्ये एकाचे गुण सोबतचा खेळाडू लिहितो आणि ज्याचे गुण, त्याने तपासून सही करायची असते. सतराव्या होलला त्याला तीन फटके लागले होते, कार्डावर चार लिहिले गेले. त्याने न पाहता सही केली. नियम असा की, सही केलेला जास्तीचा आकडा कायम राहतो. एका फटक्याने त्याची बरोबरी हुकली आणि बॉब गोल्बी विजेता ठरला. आपले सर पेपर देण्याआधी "एकदा तपासून बघ" म्हणायचे, ते मला इथे आठवतं.

हा श्रीमंतांचा खेळ, असं तुम्ही म्हणाल. मैदानं, फी, साहित्य बघितलं तर खरंच आहे. पण 1991 ची इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय, अली शेर, हा दिल्लीत कॅडी म्हणून काम केलेला माणूस होता. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील गिरणीत होते. दुसऱ्याचं ओझं उचलता उचलता काम शिकलेला माणूस आपल्याला निराळा समजावून सांगावा लागत नाही.

आणि 7 ऑगस्ट 2021. हा दिवस तुम्हाला नीरज चोप्राच्या सुवर्णपदकासाठी आठवत असेल. त्याच दिवशी पहाटे टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला गोल्फची अखेरची फेरी सुरू झाली. बंगळूरची अदिती अशोक तीन दिवसांनंतर दुसऱ्या स्थानावर होती. जागतिक क्रमवारीत ती दोनशेवी, समोर पहिल्या क्रमांकाची नेली कोर्डा. अदितीची पिशवी वाहत होती तिची आई. त्या सकाळी एरवी गोल्फला नाकं मुरडणाऱ्या माझ्या मित्रांचे फोन आले, "अरे, बोगी म्हणजे काय?" मधेच वादळाच्या भीतीने खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. अठराव्या होलवर अदितीचा बर्डीचा प्रयत्न हुकला. चार दिवसांचे एकूण फटके असे: कोर्डा 267, जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को प्रत्येकी 268, अदिती 269. इनामीने जादा लढतीत रौप्य घेतलं, कोला कांस्य मिळालं आणि अदिती चौथी.

संध्याकाळी नीरजचा भाला गेला आणि अदितीचं नाव मागे पडलं. ते स्वाभाविकच होतं, मीही टाळ्या वाजवल्या. पण ज्यांनी ती सकाळ पाहिली, त्यांच्यासाठी चौथा क्रमांक हा नुसता आकडा नाही. दोनशेवी मुलगी चार दिवस जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून चालली आणि दोनशे एकोणसत्तर फटक्यांत एक जास्त झाला. निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला तर 'पदक हुकलं' एवढंच कळतं. बसून बघितलं तर काय काय जमलं, तेही कळतं. म्हणून मी बघतो.

आपल्या बॅचमध्ये पहिले आलेले आहेत, चौथे आलेले आहेत आणि माझ्यासारखे मागच्या बाकावरचेही आहेत. या वयात कुणाला कोण कितवा आला ते विचारावंसं वाटत नाही. कुणी काय सोसून इथवर आला, हे ऐकायला मात्र आवडतं.

तर, निमंत्रण देतो. जुलैत ब्रिटिश ओपन असते. शेवटचा रविवार आपल्याकडे संध्याकाळी रंगतो, जागरण फारसं नाही. घरी या. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवतो. फक्त चेंडू भोकाजवळ असताना कुणी बोलायचं नाही.