एका माहितीपटाची हकिकत
(शताब्दी समारंभात केलेले भाषण)



आज सकाळपासून आपण आपल्या पूर्वजांच्या कष्टांविषयी ऐकत आहोत. आम्ही तिघी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. आम्ही इतिहासकार नाही. आमची तीस वर्षे मुलांना अक्षरे गिरवायला शिकवण्यात गेली. तरी मंडळाने आम्हांला बोलायला सांगितले, कारण गेल्या वर्षी आम्ही गरीब वस्त्यांतल्या मुलांवर एक छोटा माहितीपट केला. तो करताना आमची एक चूक झाली, आणि ती चूक आम्हांला आपल्या पूर्वजांमुळेच नीट समजली. तेवढेच आज सांगायचे आहे.

आपल्या मॉरिशसमध्ये काही शाळांना झेप शाळा म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहे. ज्या शाळांचा सी.पी.ई.चा निकाल पाच वर्षे 40 टक्क्यांच्या खाली राहिला, त्यांच्यासाठी सरकारने ही योजना सुरू केली. सी.पी.ई. परीक्षा गेली, तिच्या जागी पी.एस.ए.सी. आली. पण त्या शाळांत येणारी मुले तशाच घरांतून येतात. घर पत्र्याचे. बाप मासेमारीला किंवा बांधकामावर, आई हॉटेलात साफसफाईला. जानेवारीत शाळा उघडते तेव्हाच वादळपावसाचे दिवस असतात. पाणी घरात शिरले की सर्वांत आधी वह्या भिजतात. मूल घरी क्रिओल बोलते आणि शाळेत पुस्तक उघडते ते इंग्रजी, शेजारी फ्रेंच. 2012 पासून क्रिओल हा विषय ऐच्छिक म्हणून शिकवला जातो, हे चांगलेच झाले. पण गणिताचा प्रश्न अजून इंग्रजीतच वाचावा लागतो. ज्या मुलाला बेरीज येते, त्याला प्रश्नच कळत नाही, आणि आपण म्हणतो, मुलगा मंद आहे.

नव्या शिक्षकांना हे दिसावे म्हणून आम्ही माहितीपट करायचे ठरवले. पैसे नव्हते. एक फोन, एक उसना माइक, आणि शनिवारचे दिवस. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका वस्तीत आम्ही जाऊ लागलो. पालकांच्या सह्या घेतल्या. चार महिन्यांत 20 मिनिटांचा माहितीपट तयार झाला. त्यात फाटके बूट होते, गळके छप्पर होते, चुलीचा धूर होता, आणि मागे बासरीचे उदास संगीत. आम्हांला तो फार आवडला. पाहताना आमच्याच डोळ्यांत पाणी आले.

मग तो आम्ही वस्तीतल्या आयांना दाखवला. दिवा लावला तेव्हा कोणी बोलेना. शेवटी एक बाई उठली. तिचा मुलगा चौथीत आहे. ती म्हणाली, "मादाम, माझ्या मुलाकडे एकच शर्ट आहे. मी तो रोज रात्री धुते, पहाटे इस्त्री करते. चार वर्षांत तो एक दिवस मळक्या शर्टाने शाळेत आला नाही. तुम्ही माझी चूल दाखवलीत, इस्त्री का नाही दाखवली?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. सही घेतली म्हणजे विचारले, असे आम्ही समजत होतो. सही घेतली होती, विचारले काहीच नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही आमच्या वर्गाची सहल घेऊन मोका येथे महात्मा गांधी संस्थेत गेलो. तिथे मजुरांची जुनी दप्तरे आणि छायाचित्रे जपून ठेवली आहेत. आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्या आज्या-पणज्यांची नावे तिथेच शोधली आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि एक नंबर. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली माणसे मुंबई बंदरातून आली आणि इथे नंबर झाली. 1867 च्या कायद्याने, करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसला तर पोलीस भटक्या म्हणून पकडत. ते फोटो आपल्या माणसांनी हौसेने काढलेले नाहीत. कॅमेऱ्यासमोर उभे राहा म्हटले, ते उभे राहिले. आपल्या कित्येक घरांत पूर्वजाचे एवढेच चित्र उरले आहे.

त्या चेहऱ्यांसमोर उभे असताना आम्हा तिघींच्या मनात एकच गोष्ट आली. त्या मजुराच्या घरीही कोणी तरी धोतर धूत असेल, पोराला अभंग शिकवत असेल. फोटोत ते नाही. आणि आम्ही त्या किनाऱ्यावरच्या मुलाचेही तसेच केले होते.

1871 साली 9401 जुन्या मजुरांनी आपल्या हालांचा अर्ज गव्हर्नरकडे केला. आदोल्फ द प्लेविट्झ यांनी त्यांना मदत केली. पुढच्याच वर्षी रॉयल कमिशन इथे आले. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोने नव्हे, आपल्या माणसांनी स्वतःचे म्हणणे स्वतः मांडले तेव्हा चौकशी झाली.

आम्ही माहितीपट पुन्हा केला. या वेळी फोन मुलांच्या हातात दिला. एका मुलीने आजीला घरगुती औषधाचा पाला खुडताना टिपले. त्या चौथीतल्या मुलाने बापाला जाळे विणताना टिपले आणि किती गाठींना किती हात जाळे होते, ते तोंडी हिशेबाने सांगितले. तो मुलगा गणितात नापास होता. गळके छप्पर आम्ही काढून टाकले नाही. तेही खरेच आहे. पण नवा माहितीपट सुरू होतो तो दोरीवर वाळणाऱ्या एका शर्टाने. आज प्रशिक्षण घेणारे शिक्षक तो पाहतात तेव्हा "बिचारी मुले" म्हणत नाहीत. या मुलाला क्रिओलमध्ये प्रश्न विचारला तर काय होईल, असे विचारतात.

आपल्यातल्याच एका गृहस्थांनी आम्हांला म्हटले, "ती काही आपली मुले नव्हेत. शताब्दीत हा विषय कशाला?" आम्ही त्यांचा मान राखून सांगतो, त्या वस्तीत मराठी आडनावाची मुलेही आहेत. आणि ती नसती तरी काय? आपल्या पूर्वजांच्या मुलांसाठी पुष्कळ मळ्यांत शाळा नव्हती. त्यांना अक्षर मिळाले ते बैठकांत, गवती छपराखाली, रॉकेलच्या दिव्यावर. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांनी पैशापैशाने त्या बैठका चालवल्या. माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले ते 1977 साली, आमच्या डोळ्यांदेखत. आमच्या थोरल्या बहिणी फीअभावी घरी बसल्या होत्या. हे आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून एक विनंती करून आम्ही थांबतो. आपल्या मंडळाचे सभागृह शनिवारी सकाळी रिकामे असते. ते दोन तास वस्तीतल्या मुलांना वाचनासाठी द्यावे. शिकवायला आम्ही तिघी येऊ. निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी यावे. मुलगा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे दारात विचारू नये. बैठकेच्या दिव्याचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांला दिसत नाही.

किल्ली कोणाकडे मागायची, एवढेच आज सांगा. पुढच्या शनिवारी आम्ही आठ वाजता दारात उभ्या असू.

जय मॉरिशस, जय मराठी.