आजीचं देवघर

आजी म्हटलं, की आपल्यासमोर उंबऱ्याच्या आतली बाई उभी राहते. चुलीपाशी बसलेली, नाहीतर देव्हाऱ्यातल्या निरांजनाची वात सारखी करणारी. माझी आजी तशी नव्हती. तिला घरात करमतच नसे. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, कोरड्यास शिजवायचं आणि दिवस उगवायच्या आत रानाची वाट धरायची. परत यायची ती दिवेलागणीला. ताप आला तरी म्हणायची, ‘‘मला बांधावरच्या लिंबाखाली न्हेऊन टाका, बरी हुती.’’ आणि खरंच बरी होई.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढे तालुक्यात. काळ्याभोर, खोल जमिनीचा हा भाग ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जातो. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या घरात मात्र तिला शाळू म्हणतात. बाकीचा मुलूख मृगाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा आमची रानं मोकळीच असतात. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालायच्या, ओल राखायची आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायचं. पुढं पाऊस येईलच असं नाही. जमिनीच्या पोटातल्या ओलीवर आणि थंडीवर हे पीक उभं राहतं.

पेरणीला आजोबा बैल हाकायचे आणि तिफणीच्या चाड्यावर मूठ आजी धरायची. मूठ धरणं म्हणजे चालता चालता मुठीतून दाणे सोडत राहणं. जास्त सुटले तर पीक दाटतं, कमी सुटले तर रान विरळ दिसतं. आजीनं कधी वही-पेन्सिल हातात धरली नाही, पण आठवड्याभरानं कोंब वर आले, की आखून काढल्यासारख्या ओळी दिसायच्या. तेच तिचं अक्षर.

आजी माळकरी होती. कार्तिकी एकादशीला पायी पंढरपूरला जायची. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर, आमच्या गावाहून आणखी थोडं लांब. पण दर्शनाच्या रांगेत ती उभी राहायची नाही. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीवर डोकं, कळसाला हात जोडायचे, की लगेच माघारी. का, तर कोळपणी खोळंबलीय. कुणी बोललंच तर म्हणायची, ‘‘इठोबा हुबाच हाय, त्यो कुटं जातोय? तण थांबत न्हाई.’’

तिचा खरा सण वेळ अमावास्येचा. आमच्याकडं कर्नाटकाची हद्द जवळ. त्या बाजूनं आलेला हा सण. हिवाळ्यातल्या या अमावास्येला सगळं गाव रानात जातं. उभ्या शाळूत कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, नैवेद्य दाखवायचा आणि पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची. त्या दिवशी आजीचा चेहरा पाहावा. घरातल्या देव्हाऱ्यापुढं ती घाईत असे. खोपीपुढं मात्र डोळे मिटून बराच वेळ बसून राही.

१९७२ च्या दुष्काळात तीच आजी खडी फोडायला गेली. वडील तेव्हा शाळकरी होते. कामावर मिळणारी सुकडी ते अजून आठवतात. घरात दाणा नव्हता, पण माडीवर राखेत घोळून ठेवलेलं शाळूचं बियाणं होतं. पोरं भुकेनं रडली तरी तिनं त्याला हात लावू दिला नाही. त्याचा राग वडिलांच्या मनात पुष्कळ वर्षं होता. मात्र पुढच्या साली पाऊस झाला, तेव्हा ज्यांनी बियाणं खाऊन टाकलं होतं अशा शेजाऱ्यांना तिनं त्यातलं निम्मं वाटून दिलं. दुष्काळात धान्याची कोठारं लोकांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांच्या गावाकडची ती. वाटायच्या आधी राखावं लागतं, हे तिला ठाऊक होतं.

आता जे सांगायचं आहे, ते सांगायला जड जातं. आजीला जाऊन पंधरा वर्षं होतील. शेवटच्या उन्हाळ्यात ती पाय घसरून पडली, खुबा मोडला. आम्ही तिला पुण्याला आणलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मऊ गादी, वेळेवर औषधं. कशाची म्हणून कमी नव्हती. टाके निघाल्यावर ती रोज एकच विचारायची, ‘‘गावाला कवा न्हेता?’’ आम्ही म्हणायचो, ‘‘पाऊस संपू दे, मग जाऊ.’’

एकदा ती म्हणाली, ‘‘पाऊस सरल्यावर तितं माजं काय काम हाय?’’

आम्ही हसलो. म्हातारी माणसं बोलायचीच, असं वाटलं.

हस्त लागला. चुलत्यांचा फोन आला, पेरणी झाली म्हणून. आजीनं विचारलं, ‘‘मूठ कुणी धरली?’’ त्या वर्षी ट्रॅक्टरनं पेरलं होतं. मूठ कुणी धरायचा प्रश्नच नव्हता. वडील क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘धाकटीनं धरली.’’ आजीनं पडल्या पडल्या खिडकीकडं हात जोडले. त्यानंतर तिनं गावाचं नाव काढलं नाही. चार दिवसांनी, पहाटे, तिच्या रानात जायच्या वेळेला ती गेली.

आम्ही तिची काळजी घेतली, यात शंका नाही. पण तिला विचारलं नाही. रानात ती कदाचित चार महिने कमी जगली असती. ते महिने कुठं घालवायचे, हे ठरवायचा हक्क तिचा होता. तो आम्ही प्रेमानंच काढून घेतला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, शहरातल्या खिडकीशी, असं एखादं माणूस बसलेलं असेल. त्याला औषध द्यायची वेळ आपण चुकवत नाही. त्याला काय हवंय, हे विचारायची वेळ मात्र रोज पुढं ढकलतो.

आता माझी आई पंचाहत्तरीला आली आहे. तिचे गुडघे दुखतात. परवा ती म्हणाली, ‘‘यंदा वेळ अमावास्येला गावाकडं जावंसं वाटतंय रे.’’ ‘एवढा प्रवास कशाला’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि विचारलं, ‘‘किती दिवस आधी निघायचं?’’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)