अन्याय सोसलेल्या बाईची भरपाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. कायदा सांगणे हे वकिलाचे काम. पण जमाखर्चाचा विषय आपल्याही हाताखालचा असतो, आणि आजचा विषय तसाच आहे.

एखाद्या घरावर गुन्ह्याचे संकट कोसळते. पोलीस येतात, खटला चालतो, गुन्हेगाराला शिक्षा होते. लोक म्हणतात, न्याय झाला. पण त्या घरात काय उरते? दवाखान्याची उधारी आणि बुडालेली मजुरी. आपल्याकडे ऐन हळद काढणीत बाई दोन महिने अंथरुणाला खिळली, तर घराचे वर्षाचे गणित चुकते. कर्ता माणूसच गेला, तर विचारूच नका.

गुन्हेगाराकडून वसूल करावे म्हटले, तर त्याच्याजवळ असते काय? इंग्लंडात १९५१ साली मारहाणीत एका माणसाचे डोळे गेले. कोर्टाने साडेअकरा हजार पौंड भरपाई ठरवली. मारणारे दोघे, त्यांनी आठवड्याला पाच-पाच शिलिंग द्यायचे. सारी रक्कम फिटायला ४४२ वर्षे लागली असती! मार्जरी फ्राय नावाच्या बाईंनी हा हिशेब लोकांपुढे मांडला आणि म्हटले, ही भरपाई सरकारने द्यावी. १९६४ साली न्यूझीलंडात व ब्रिटनमध्ये तशी सोय सुरू झाली. आपल्या कौटिल्यानेही सांगून ठेवले आहे, की चोरीचा माल राजाला शोधून देता आला नाही, तर त्याने तो स्वतःच्या खजिन्यातून भरून द्यावा. राखणदारी ज्याने पत्करली, नुकसानीत वाटाही त्याचाच.

आपल्या देशात २००९ पासून फौजदारी कायद्यात तसे कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते ३९६ व्या कलमात आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभा राहिला नाही, तरीही अर्ज करता येतो. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. माणूस दगावला असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेले अर्ज करू शकतात.

बलात्कार, लहान मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना काढली. आरंभी मदत दोन ते तीन लाखांची होती. पुढे ती दहा लाखांपर्यंत वाढवली. शिवाय अशा बाईवर सरकारी काय, खाजगी काय, कोणत्याही दवाखान्याने ताबडतोब फुकट उपचार केलेच पाहिजेत.

काही बाया म्हणतात, “अब्रूची किंमत का पैशात घ्यायची?” बायांनो, हे पैसे अब्रूची किंमत नव्हेत. अब्रू जाते ती गुन्हा करणाऱ्याची. हे पैसे औषधाचे, बुडालेल्या मजुरीचे, लेकरांच्या शाळेचे आहेत. आणि नाव बाहेर फुटण्याची भीती वाटत असेल, तर लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईचे नाव छापणे हाच कायद्याने गुन्हा आहे.

आता आपण काय करायचे? हळदीकुंकवाला जसे घरोघर बोलावणे करतो, तशीच ही माहिती घरोघर न्यायची. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या बाईने हे ध्यानात ठेवावे. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यावी. दवाखान्याचे कागद, पावत्या जपाव्यात. अर्जाला उशीर करू नये. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. १५१०० या फोनवर विचारले, तर मार्ग सांगतात.

पण कागद गोळा करण्यापेक्षा अवघड असते ते ठाण्याची पायरी चढणे. एकटीचे पाय तिथे लटपटतात. म्हणून माझे मागणे एवढेच, की अशी वेळ कळमनुरीच्या, वसमतच्या, औंढ्याच्या, सेनगावच्या कुणाही बाईवर आली, तर मंडळाच्या दोघींनी तिच्याबरोबर जावे. तिला “तू तिथे गेलीसच कशाला?” असे विचारू नये. “कागद घेतलेस का? चल, आम्ही येतो,” असे म्हणावे.