पटावरचे नाव



दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या प्रत्येक शाळेने दिव्यांग बालकास भेदभाव न करता प्रवेश दिला पाहिजे. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास नजीकच्या अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वाजवी सोय नाकारणे हाही या कायद्याने भेदभावच ठरतो. म्हणून पायऱ्यांलगतचा उतार, परीक्षेतील लेखनिक व जादा वेळ यांना कोणी मेहेरबानी समजू नये.

कायदा राजपत्रात प्रसिद्ध होतो. तो अमलात मात्र मुख्याध्यापकांच्या लेखणीने येतो. येत्या जूनमध्ये पटनोंदणीस निघाल तेव्हा, दाराआड राहिलेल्या मुलाची चौकशी आधी करा, एवढीच विनंती.