मानववंशशास्त्र शिकून करणार काय?
(रत्नागिरीत तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मग मानववंशशास्त्रावर बोलायला मी का? कारण आमच्या क्षेत्रातल्या कंपन्या या विषयाच्या लोकांना पगार देऊन ठेवतात. आपल्याकडे मात्र मुलीने हा विषय घेतला की घरात एकच वाक्य : "प्रोफेसर झालीस तर ठीक, नाहीतर काय?" मुलग्यांना तेवढंही विचारत नाहीत, थेट गल्फच्या एजंटकडे नेतात.

आम्ही अ‍ॅप बनवताना धरून चालतो की एक माणूस, एक मोबाइल, एक ओटीपी. इथे नवरा कुवेतला, खातं बायकोच्या नावावर आणि मोबाइल कॉलेजातल्या मुलाच्या खिशात. ही गोष्ट आम्हाला ऑफिसात बसून कळत नाही. त्या घरात दोन तास बसून ऐकावं लागतं, आणि तसं ऐकायला तुम्हाला शिकवलेलं असतं. कंपनीत या पदाला 'यूजर रिसर्चर' म्हणतात. लूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाई अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात होत्या. कॉपी काढताना मशिनपुढे अडलेल्या माणसांचं त्यांनी चित्रीकरण केलं आणि मशिनने माणसाबद्दल काय चुकीचं धरलंय ते दाखवलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८७ चं.

मला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मात्र किनाऱ्यावरचं काम. ज्या कोयनेचं पाणी वीज तयार झाल्यावर वाशिष्ठीतून चिपळूणला येतं, त्या धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. अहवाल १९६९ मध्ये आला. आज जैतापूरजवळ साखरी नाट्याचा मच्छीमार विचारतो, माझं काय? जमिनीला सातबारा असतो, समुद्राला नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पाण्यावर पोट असलेल्या कुटुंबांना, अगदी मच्छीमार आणि नावाड्यांनाही, बाधित मानलं आहे. पण आधीची तीन वर्षं मुख्य उत्पन्न त्यातूनच होतं हे दाखवायचं कोणी? त्यासाठी घरोघर जाऊन नोंद करणारा माणूस लागतो. त्याच कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यासही आहे (काही प्रकल्पांना महाराष्ट्राने त्यातून सूट दिली, ते रडगाणं वेगळं). असे अभ्यास करणाऱ्या संस्थांना माणसं हवी असतात.

सरकारी वाटाही आहेत : १९४५ पासूनचं भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्युझियम. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय आहेच, पण त्या परीक्षेत किती वर्षं घालवायची ते आधी ठरवा.

कॅम्पस प्लेसमेंटची वाट बघू नका. जाहिरातीत 'मानववंशशास्त्र' हा शब्द बहुतेक नसतोच. 'फील्ड रिसर्च', 'कम्युनिटी', 'सोशल इम्पॅक्ट' असे शब्द शोधा. एक्सेल आणि थोडं नकाशाचं सॉफ्टवेअर शिका. तेवढं येत नसल्यामुळे चांगली माणसं मागे राहिलेली मी बघितली आहेत.

आणि दाखवायला काहीतरी हवं. सुट्टीत मिरकरवाड्याला जा. दहा होड्यांचे तांडेल आणि खलाशी यांना भेटा. पैशाची वाटणी कशी होते, डिझेल कोणाच्या वाट्यातून जातं, बंदीच्या महिन्यांत घर कसं चालतं, हे त्यांना विचारून सहा पानांत लिहा. नावं बदला. मला जरूर पाठवा. मी आधी बघणार आहे, मासळी निवडणाऱ्या बायकांची मजुरी तुम्ही कुठल्या पानावर लिहिलीत ते.